उसाच्या कडेचे घर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जुन्नर तालुक्यात आपाकडे गेलो. नारायणगावहून आत वळलो की दोन्ही बाजूंना ऊस. आपाचे घर गावात नाही, मळ्यात आहे. मगरिबची अजान लांबून ऐकू आली आणि आपाने पोरांना आत घेऊन दार लावले. पूर्वी याच अंगणात आम्ही इशापर्यंत बाजा टाकून बसत असू.

बकरी ईदसाठी राखलेला बोकड बिबट्याने गोठ्यातून नेला होता. पंचनामा झाला. पण घरात चिंता बोकडाची नव्हती. भाची नववीत आहे. घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत दीड किलोमीटर पायवाट, सगळी उसातून. या भागात माणसे गेली आहेत, लहान मुलेही. दुल्हाभाई म्हणाले, "ऊस तुटेपर्यंत शाळा बंद. नापास झाली तर झाली."

आम्ही शिक्षक, गप्प कसे बसणार? म्हटले, पिंजरा लावून जनावर लांब का सोडत नाहीत? ते हसले. वीस-बावीस वर्षांपूर्वी जुन्नरमध्ये तेच केले होते. तरी हल्ले थांबले नाहीत, उलट वाढले. कुकडीच्या धरणांचे पाणी आले, त्यामागून ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या त्या पिकात मादी पिल्ले घालते. त्या पिल्लांना डोंगर ठाऊकच नसतो, ऊस हेच त्यांचे रान. तोडणीत पिल्ले सापडली तर वनखात्याची आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राची माणसे ती तपासून अंधार पडता त्याच जागी ठेवतात. आई येऊन उचलून नेते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सर्वांत जास्त निघाली कुत्री. म्हणजे आपला उकिरडा, त्यावरची कुत्री आणि त्यांच्यामागे तो.

"हे सगळे मला कळते," दुल्हाभाई म्हणाले, "पण मुलगी माझी आहे." यावर आमच्या बी.एड.मध्ये उत्तर नव्हते.

भाची मात्र चहा गाळता गाळता बोलली, "मामू, वस्तीवरच्या आम्ही चौघी आहोत. एकत्र जाऊ, मोठ्याने बोलत जाऊ. वाटेत कुणी खाली बसायचे नाही, वाकायचे नाही. संध्याकाळी कुणाचे तरी अब्बा थांब्यावर या." वाकलेल्या माणसावर तो झेपावतो, हे शाळेत वनखात्याच्या लोकांनी सांगितले होते. दुल्हाभाईंनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. चौघींच्या बापांना फोन मात्र लावले. तिघे तयार झाले, एकाने सकाळी सांगतो म्हटले.

रात्री साडेबाराला मोटारीचा दिवा लागला. शेतीची वीज पाळीने येते, त्या आठवड्यात रात्रीची होती. दुल्हाभाईंनी बॅटरी घेतली, मोबाईलवर नात मोठ्याने लावली आणि पाणी द्यायला उसात शिरले. आपा ते परत येईपर्यंत तसबीह घेऊन खिडकीशी बसून होती.