उताराला फुकटात काही मिळत नाही!

एकचाकी सायकल म्हटलं की आपल्याला आठवतो सर्कशीतला जोकर आणि त्याच्या चाकाखालचं सपाट रिंगण. आता ते रिंगण काढून टाका. त्या जागी पावसाने निसरडी झालेली मुळं, ओबडधोबड दगड आणि खडा उतार आणा. वेलकम टू नॉर्थ शोअर!

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ऑफिसपाड्यातून ‘सीबस’ पकडली की सुमारे 12 मिनिटांत खाडीपलीकडे पोहोचता येतं. समोर सायप्रेस, फ्रोम आणि सीमोर हे तीन डोंगर. वर सीडर आणि हेमलॉकचं दाट जंगल, खाली कायम ओल. चिखल आणि आडवे ओंडके पार करायला माउंटन बायकर्सनी इथे शिडीसारखे अरुंद लाकडी पूल बांधले आणि ‘नॉर्थ शोअर स्टाइल’ जगभर गाजली.

याच वाटांवर क्रिस होम एका चाकावर उतरला. हा पठ्ठ्या पेशाने भूशास्त्रज्ञ! दरडी का कोसळतात याचा अभ्यास करणारा माणूस त्याच उतारांवरून उड्या मारतो, ही गंमतच. 2002 च्या ‘इन्टू द थंडर ड्रॅगन’ या डॉक्युमेंटरीत तो भूतानच्या पायवाटांवरही दिसतो. त्याच्याही आधी अलास्कातल्या सेवर्डमध्ये जॉर्ज पेक हेच वेड जोपासत होता.

यातली खरी मेख चाकाच्या मधोमध आहे. पेडल थेट चाकाला जोडलेलं असतं. पाय थांबले की चाक थांबलं, आणि चाक थांबलं की तुम्ही खाली! साध्या सायकलवर उतार लागला की पाय सोडून मस्त सुटायचं. इथे ती चैन नाही. पेडलचा एक फेरा म्हणजे 26 इंची चाकाचे जेमतेम दोन मीटर. मिनिटाला 60 फेरे मारले तरी वेग ताशी 8 किलोमीटरच्या आतच. चढाला घाम, उतारालाही घाम.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम करतो तीन इंच रुंद, हवा कमी भरलेला टायर. एक हात सीटखालच्या हँडलवर, दुसरा हवेत, तोल सांभाळायला. पुढे हँडलबार नसल्याने पडताना बरेचदा पायांवर उतरता येतं. मात्र दातेरी पेडल नडगी सोलून काढतं, म्हणून शिनगार्ड आणि हेल्मेट मस्ट.

पण या संथपणातच मजा आहे. पुढचं मूळ, पुढचा दगड, बस्स. मनात सोमवारच्या मीटिंगचा विचार डोकावला, की पुलावरून थेट चिखलात!

जायचंय? जुलै ते सप्टेंबर हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. आधी घराजवळ कठडा धरून सपाटीवर शिका, मगच डोंगर. आणि हो, इथल्या अनेक वाटा स्वयंसेवक राखतात. 1997 पासून त्यांची संघटनाही आहे. तेव्हा चिखल चुकवायला वाटेबाहेर जाऊ नका. पडायचंच असेल तर वाटेवर पडा!