अंत्युखियाची पंगत

१/ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, ओरोंटीस नदीकाठच्या अंत्युखिया नगरात एका पंगतीवरून दोन प्रेषितांमध्ये उघड वाद झाला. ताटात काय होते याची नोंद नाही. पंगत कोणी सोडली याची आहे.

२/ आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या म्हणजेच हे नगर. साम्राज्यात रोम व अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल त्याची गणना होई. येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम येथेच मिळाले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. येथील मंडळीत यहुदी आणि परराष्ट्रीय एकत्र जेवत.

३/ पेत्रही त्यांच्यात बसून जेवत असे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि तो मागे सरला. त्याचे पाहून इतर यहुदी बांधव, इतकेच नव्हे तर पौलाचा जुना सहकारी बर्णबाही वेगळा झाला. मराठीत याला नेमका शब्द आहे : पंक्तिभेद.

४/ पेत्राला केवळ भित्रा ठरवणे सोपे आहे, न्याय्य नाही. इ. स. पू. १६७ मध्ये चौथा अंतियोख या राजाने यहुदी आचारांवर बंदी घातली होती. निषिद्ध अन्न खाण्यापेक्षा अनेकांनी मरण पत्करले. त्या राजाची राजधानी हेच अंत्युखिया! पूर्वजांनी प्राण देऊन राखलेले नियम त्याच नगरात सैल करणे कोणालाही जड गेले असते.

५/ तरीही पौलाने सर्वांदेखत पेत्राला जाब विचारला. वेगळ्या पंगतीचा अर्थ त्याला स्पष्ट दिसत होता : परराष्ट्रीयांनी आधी यहुदी व्हावे, मगच शेजारी बसावे. हा प्रसंग त्याने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदवला आहे.

६/ त्या पत्राचा आधारस्तंभ म्हणजे ‘खारिस’ हा ग्रीक शब्द : कृपा, देणगी, अनुग्रह. रोमन जगात देणगी पात्र माणूस पाहून द्यावी, असा संकेत होता. पौलाचा समकालीन सेनेका उपकारांवरील आपल्या ग्रंथात हेच सांगतो. पौलाचे म्हणणे उलट होते : देवाची कृपा पात्रता न पाहता आली. मग पंगतीत पात्रता विचारण्याचा अधिकार कोणाला उरतो?

७/ दुसरा शब्द ‘एलेउथेरिया’, म्हणजे स्वातंत्र्य. जिथे माणसांची खरेदी-विक्री होत असे, तिथे हा शब्द अलंकार नव्हता; कोण दास आणि कोण मुक्त, हे त्यावर ठरे. पौलाने त्याला अनपेक्षित वळण दिले. मुक्त झालेल्यांनी प्रीतीने एकमेकांचे दास व्हावे, असे तो शिकवतो. कृपेने मिळालेले स्वातंत्र्य एकट्याने भोगायचे नसते; ते सहभागितेतच टिकते.

८/ या वादात पेत्राने काय उत्तर दिले, ते पौल सांगत नाही. आपला विजय झाला असेही लिहीत नाही. पुढे करिंथ येथे संपन्न लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा त्याला पुन्हा पंगतीबद्दलच लिहावे लागले. गुलामगिरी मोडण्याची मागणी तर त्यानेही केली नाही. शिकवण आणि आचरण यांतील हे अंतर आरंभापासूनचे आहे.

९/ तरी त्या शिकवणीचे काही रुजले. इ. स. ११२च्या सुमारास प्लिनी या रोमन प्रांताधिपतीने सम्राट ट्राजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक साधे, निरुपद्रवी अन्न खाण्यास एकत्र जमतात, असे त्याला समजले होते. खात्री करून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना ‘सेविका’ हे पद होते, एवढे तो सांगतो.

१०/ त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत. कायद्याच्या दृष्टीने त्या कोणाच्या तरी मालमत्ता होत्या; मंडळीत मात्र त्यांना स्थान होते, जबाबदारी होती. अंत्युखियाचा वाद कोणत्या गोष्टीसाठी होता, हे त्या दोन अनाम स्त्रियांकडे पाहिले की कळते.