पाहुण्यांना दाखवण्याजोगे

परप्रांतात घर केलेल्या मराठी कुटुंबाकडे एक काम आपोआप चालत येते, ते म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना गाव दाखवण्याचे. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या वाचकांना त्यात फारसे अवघड वाटणार नाही. राजवाडा दाखवला, गायकवाड-होळकरांच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि गावचा नावाजलेला फराळ समोर ठेवला, की पाहुणे तृप्त होतात. आमची गोष्ट निराळी आहे. आम्ही राहतो ते अथाल हे सिल्वासाहून नरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, दमणगंगेलगतचे गाव. दादरा व नगर हवेली या नावाने वाचकांना ठाऊक असलेला हा प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवशी जोडला गेला आहे. अथालला ना किल्ला, ना घाट, ना यात्रेचे देवस्थान. रस्त्याला लागून कारखाने, मधूनच भाताची खाचरे, आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी. एवढ्या भांडवलावर पाहुण्यांचे चार दिवस साजरे करायचे असतात.

या हिवाळ्यात पुण्याचे आमचे जुने स्नेही सपत्नीक येऊन गेले. त्यांची कन्या जर्मनीत असते. आदल्या उन्हाळ्यात तिने आईवडिलांना तिकडची शहरे हिंडवून दाखवली होती. कोलोनला स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच समोर उभे राहणारे ते प्रचंड चर्च, १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पुरे झालेले, त्याचे १५७ मीटर उंचीचे मनोरे, हायडेलबर्गचा भग्न किल्ला, या सर्वांचे वर्णन पहिल्या रात्री जेवणाच्या पानावरच झाले.

"भावजी, तिकडे लेकीनं बोट दाखवायचं आणि आम्ही पाहायचं. इथे तुम्ही कशाकडे बोट दाखवणार?" वहिनींनी हसत विचारले.

स्नेह्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या शेजारचे घर विकाऊ आहे. अथालचे घर विकून आम्ही उभयतांनी पुण्यास यावे आणि पाडव्यापर्यंत होकार कळवावा, असा त्यांचा आग्रह होता. "नोकरी संपली, मुलं आपापल्या गावी. आता इथे तुमचं आहे तरी कोण?" असे त्यांनी मोकळेपणाने विचारले. १९८५ मध्ये येथील एका कारखान्यात रुजू झाल्यापासून आम्ही अथालकर आहोत. तथापि या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्याऐवजी आधी मुलूख दाखवावा, असे आम्ही ठरवले.

सुरुवात वापीच्या रस्त्यापासून केली. वापी गुजरातेत. तेथून निघाल्यावर दादरा लागते, ते संपले की पुन्हा थोडा गुजरात, आणि मग नगर हवेली. गाडीत बसलेल्याला हद्द ओलांडल्याचे पाटी वाचल्याखेरीज कळतही नाही. मात्र याच मधल्या पट्ट्यावरून भारत आणि पोर्तुगाल हे दोन देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडले आहेत. दमणहून या दोन्ही तुकड्यांत ये-जा करण्याचा हक्क आपल्याला आहे, असा पोर्तुगालचा दावा होता. न्यायालयापुढे जे कागद आले त्यांत एक आपल्या पुण्याचा होता: १७७९ चा पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातील तह.

हे ऐकताच स्नेही सावरून बसले. आम्ही पुढे सांगितले. त्या वेळी पेशवाईची गादी बाल सवाई माधवरावांची होती, कारभार नाना फडणीसांच्या हाती होता आणि इंग्रजांशी युद्ध चालू होते. पोर्तुगीजांशी स्नेह राखणे गरजेचे होते. तहाप्रमाणे आणि पुढे १७८३ व १७८५ मध्ये निघालेल्या सनदांप्रमाणे वर्षाकाठी १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना मिळाली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने या कागदांचा अर्थ लावला तो असा, की मराठ्यांनी दिला तो केवळ सरंजाम, म्हणजे वसूल खाण्याचा हक्क. स्वामित्व दिलेले नव्हते.

"म्हणजे मुलूख आपलाच होता!" स्नेही उद्गारले.

त्यांचा आनंद आम्हांस समजला, परंतु पाहुण्याला अर्धीच गोष्ट सांगून चालत नाही. मराठ्यांच्या जागी इंग्रज आले तेव्हा त्यांनी या गावांवरचे पोर्तुगीजांचे स्वामित्व व्यवहारात मानले, हेही त्याच निकालात आहे. नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सशस्त्र फौजेला नव्हता, आणि १९५४ मध्ये वाट अडवताना भारताने कर्तव्यभंग केला नाही, असा एकूण निर्णय झाला. भारताच्या वतीने नेमलेले न्यायमूर्ती एम. सी. छागला त्या न्यायपीठावर होते. "आणि एक गोष्ट ध्यानात घ्या," आम्ही म्हणालो, "पुणे दरबारने गावे दिली, इंग्रजांनी ती तशीच राहू दिली, हेगला त्यांवर वाद झाला. ज्यांच्या भाताचा तो वसूल होता, त्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना यांतल्या एकाही प्रसंगी कोणी विचारले नाही."

दुसऱ्या दिवशी सिल्वासा पाहिले. पोर्तुगीज अमदानीतले चर्च, बाजार आणि आदिवासी संग्रहालय एवढे पाहायला सकाळ पुरते. येथे पाहुण्यांना खरी ओढ होती ती १९५४ च्या गोष्टीची. २१ जुलैच्या रात्री दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा, असा भर पावसाळ्यात हा प्रदेश मुक्त झाला. सिल्वासाच्या मोहिमेत राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे आणि संगीतकार सुधीर फडके होते. निधीसाठी लता मंगेशकर गायल्या. सोळा भाषांचा व्यवहारकोश सिद्ध करणारे विश्वनाथ नरवणे हेही त्यांच्यातच. परभाषेत संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव विशेष जवळचे वाटावे.

नावे ऐकून वहिनींचे डोळे भरून आले. तरीही यादी तेथे संपत नाही, हे आम्ही सांगितले. दादरा मुक्त केला तो युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या गोमंतकीयांनी, फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली. त्या चौकीवर अनिसेतो दो रोझारियो हा पोर्तुगीजांच्या चाकरीतला पोलीस अधिकारी मारला गेला. आमच्या शेजारच्या नरोलीत आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक एकत्र होते. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांबरोबर वारली होते. पलीकडे तलासरी-डहाणूच्या वारल्यांना गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून संघटित केले होते, ती जाग हद्दीपाशी थांबणारी नव्हती. पुढे सात वर्षे येथील कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी, एक दिवसापुरते पंतप्रधान ठरवलेल्या के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याने पंडित नेहरूंबरोबर करारावर सही केली आणि विलीनीकरण पुरे झाले.

संध्याकाळी हिरवा वन या बागेत गेलो. नाव वाचून स्नेही म्हणाले, "चला, एक तरी मराठी नाव सापडलं!" हिरवा हा येथे रंग नव्हे, वारल्यांचे दैवत आहे, असे सांगताच ते पाटीकडे पुन्हा एकदा पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी खानवेलवरून दुधनीला नेले. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि दमणला समुद्राला मिळते. मधुबन धरणाने अडवलेले तिचे पाणी दुधनीला डोंगरांच्या कुशीत पसरले आहे. देखावा खरोखर रमणीय. वहिनी म्हणाल्या, हे तर जर्मनीतल्या सरोवरासारखेच आहे. नाव वल्हवणारा मनुष्य पन्नाशीचा वारली होता. आमच्याशी तो मराठीतच बोलत होता. पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्याने वल्हे थांबवून खाली बोट दाखवले आणि आपल्या वडिलांचे शेत तेथे होते, असे सांगितले. आवाजात तक्रार नव्हती. माहिती द्यावी तसे सांगून तो पुन्हा वल्हवू लागला.

परतताना बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वहिनींनी स्वतःहून म्युनिकची हकीकत काढली. तेथे लेकीने त्यांना राजवाडे दाखवले आणि एक दिवस मुद्दाम शहराबाहेर डाखाऊला नेले. १९३३ मध्ये नाझींनी उघडलेली ती छळछावणी १९६५ पासून स्मारक म्हणून जपली आहे. शाळेतल्या मुलांना शिक्षक तेथे घेऊन येतात. "लेकीला म्हटलं, अगं, हे कशाला दाखवायचं? ती म्हणाली, आई, मी इथे राहते ना, मग हेही दाखवायला हवं." त्या छावणीची आणि धरणाच्या पाण्याची तुलना होऊ शकत नाही, आणि वहिनीही ती करत नव्हत्या. त्यांना लेकीचे शब्द आठवले होते एवढेच.

चौथ्या दिवशी अथालच्या पुलावर फिरायला गेलो असता स्नेह्यांनी घराचा विषय पुन्हा काढला. तेव्हा आम्ही हेगच्याच निकालाचा आधार घेतला. १९६१ मध्ये या प्रदेशाची वस्ती सुमारे ५८ हजार होती आणि बहुतेक सारी आदिवासी. २०११ मध्ये ती सुमारे ३ लाख ४४ हजार झाली आणि आदिवासी निम्म्याहून थोडेच अधिक उरले. करसवलतींमुळे कारखाने आले, कारखान्यांमागून आमच्यासारखी माणसे आली. येथल्या मिळकतीवर मुलांची शिक्षणे झाली, घर उभे राहिले. आता मिळकत थांबताच घर विकून निघालो, तर आमचे चाळीस वर्षांचे राहणे सरंजामासारखे ठरेल: वसूल घेतला, नाते काही नाही. बाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. त्याचे उत्तर सर्वांचे एकच असावे असा आमचा आग्रह नाही. प्रकृती, मुले, औषधपाणी यांचाही विचार करावाच लागतो.

आमच्यापुरते उत्तर आम्ही पाडव्याच्या आधीच पुण्याला कळवले. घर विकत नाही. शेजारच्या पाड्यावरची सहा-सात मुले संध्याकाळी आमच्या ओटीवर गणिताला येतात, त्यांतली दोन यंदा दहावीला आहेत. स्नेही थोडे खट्टू झाले, पण आठ दिवसांनी वहिनींचे पत्र आले, त्यात मुलांसाठी कोणती पुस्तके पाठवू, अशी विचारणा होती.

असो. वाचकांपैकी कोणाला इकडे यावयाचे असल्यास पाऊस ओसरल्यावर, भात पिवळे पडण्याच्या सुमारास यावे. वापीला उतरावे. मधल्या पट्ट्यातून येताना पाट्यांकडे लक्ष असू द्यावे. नावेत बसल्यावर मात्र वल्हवणाऱ्याशी मराठीत दोन शब्द अवश्य बोलावेत. तो जे दाखवील ते आम्हांला दाखवता येण्यासारखे नाही.