ज्यांची साक्ष अजून व्हायची आहे



साक्षीच्या वेळी आपल्या मंडळीत कोण उभे राहतात? ज्यांचे काम झाले ते. मुलाला नोकरी लागली, गाठ साधी निघाली, कर्ज फिटले. देवाची स्तुती असो, मीही मनापासून हालेलुया म्हणते. पण ज्यांची प्रार्थना अजून अधांतरी आहे ते गप्पच बसतात. गेले १४ महिने त्यांत आम्ही दोघे आहोत.

माझे मिस्टर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. २६ वर्षे लेथवर उभे राहिले. कारखाना बंद पडला तेव्हा ३ महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी अडकली. लेबर कोर्टात नुसत्या तारखा पडत आहेत. वय ५३, त्यामुळे जिथे जातील तिथे "कळवतो" एवढेच ऐकायला मिळते. माझ्या बांगड्या सोसायटीत गहाण आहेत.

भेटायला येणारे प्रेमाने येतात आणि हमखास ईयोबाची गोष्ट सांगतात : शेवटी त्याला दुप्पट मिळाले. खरे आहे. पण ते ४२ व्या अध्यायात. मधले अध्याय कुणी काढत नाही. आणि मेंढरे दुप्पट झाली तरी गेलेली दहा मुले काही परत आली नाहीत, हे आईच्या लक्षात राहतेच.

मला आधार मिळाला तो स्तोत्र ८८ चा. आपल्याकडे ते फारसे वाचले जात नाही. बाकीच्या विलापस्तोत्रांत बहुधा शेवटाकडे तरी उजेड दिसतो. हे मात्र अंधारातच संपते. तरीही बोलणारा पहिल्याच ओळीत देवाला आपला तारणारा म्हणतो, आणि त्याच्याशी बोलणे सोडत नाही. उत्तर न मिळालेली ही प्रार्थना पवित्र शास्त्रातून कुणी वगळली नाही. म्हणजे आमच्यासारख्यांनाही तिथे जागा आहे.

पंडिता रमाबाईंचेही मला पुन्हा पुन्हा आठवते. दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने आईवडील आणि थोरली बहीण गेली. ज्या भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या, तो १८८० मध्ये गेला. १८८२ मध्ये पती पटकीने गेले, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. हे सारे बाप्तिस्म्याच्या आधीचे. बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, मनोरमाबाईंनी गुलबर्ग्याला शाळा काढली, आईचे काम त्याच चालवणार असे ठरल्यासारखे होते. आणि १९२१ मध्ये त्याही गेल्या. विश्वासाच्या ३८ वर्षांनंतर! विश्वास ठेवला की घाव चुकतात असे म्हणणाऱ्यांनी या वर्षाकडे नीट पाहावे.

रमाबाईंनी काय केले? हिब्रू व ग्रीक शिकून त्या मराठी बायबलचे भाषांतर करत होत्या. त्या कामाला लागल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्याही प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये. ते त्यांच्या हातात पडले नाही.

आता मी "देवा, कधी?" असे विचारणे सोडले आहे असे नाही. रोज विचारते. मिस्टर मात्र सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात. ओळखीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस काम मिळते, रोजंदारीवर. उरलेल्या दिवशी चर्चच्या खुर्च्यांचे वेल्डिंग, नळ, पंखे, जे निघेल ते करतात. जेवणापूर्वीची त्यांची प्रार्थना पूर्वी लांबलचक असे, आता दोन वाक्यांची झाली आहे. आजच्या भाकरीबद्दल आभार, आणि ज्यांचा पगार आमच्यासारखाच अडकला आहे त्या बाकीच्या कामगारांची नावे.

मंगळवारी पुन्हा तारीख आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा. तुमचेही काही अडले असेल, आणि उभे राहून सांगण्यासारखे अजून काही नसेल, तर रविवारी उपासनेनंतर मला गाठा. मी चहाच्या टेबलापाशी असते.