भिंतीवरचे पत्र

२२ जुलै २०२१. बकरी ईदचा दुसरा दिवस. चिपळूणकरांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले आणि आमच्या बैठकीच्या खोलीत ते माणसाच्या डोक्याच्या वर चढले. अल्लाहचे शुक्र की आम्ही सगळे वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होतो. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायलाच आठ दिवस लागले. फ्रीज, गाद्या, कपाट गेले. ते हळूहळू पुन्हा घेता आले. फोटोंचे दोन अल्बम गेले, ते मात्र कोणत्या दुकानात मिळणार?

मागे राहिली ती भिंतीवरची तपकिरी रेघ. दोनदा रंग दिला, तरी पुढच्या पावसात ओल यायची, पापुद्रे सुटायचे आणि रेघ पुन्हा दिसायची. घरी पाहुणे आले की त्यांची नजर आधी तिकडे जाई आणि ईदच्या दिवशीसुद्धा बोलणे पुरावर येई. त्या भिंतीवर काहीतरी मोठे लावावे असे फार वाटे. फ्रेमच्या दुकानात चौकशी केली, तर तीन तसबिरींचे सात हजार सांगितले. घर अजून पुरातून सावरत होते. आम्ही गप्प परत आलो.

मग एकदा शाळेच्या नव्या वर्गखोल्यांचा नकाशा छापून आणायचे काम आमच्याकडे आले. इंजिनिअर लोकांचे नकाशे जिथे छापतात, त्या दुकानात गेलो. ३६ इंच रुंद कागदाची गुंडाळी मशीनमधून सरसर बाहेर येत होती. सहज विचारले, ‘‘यावर फोटो निघेल का?’’ दुकानदार मुलगा हसला. ‘‘मशीनला काय, रेघ आणि फोटो सारखेच. काळा-पांढरा काढलात तर एका मोठ्या कागदाचे एकशे वीस रुपये.’’ घरी येईपर्यंत आमच्या डोक्यात तीच भिंत होती.

पण छापायचे काय? मुंबईच्या चुलतभावाकडे अब्बांचा एक जुना फोटो होता, कुवेतला नोकरीत असतानाचा. नववीतली आमची मुलगी म्हणाली, ‘‘दादांचाच लावूया. मोठ्ठा!’’ अम्मी लगेच म्हणाल्या, ‘‘नको. या खोलीत आपण नमाज पढतो. इथे चेहरा नको. आणि मला ते फोटोशिवाय दिसतात.’’

‘‘तुम्हाला दिसतात, दादी,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी तर त्यांना पाहिलंच नाही.’’

यावर कोणी काही बोलले नाही. अब्बा गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. फोटोबाबत घराघरांत वेगवेगळी मते आहेत. आम्हाला त्या वादात पडायचे नव्हते. अम्मींचे म्हणणे आम्हाला मान्य होते आणि मुलीचेही खोटे नव्हते.

दोन दिवसांनी अम्मींनीच माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला सांगितली. पुराचे पाणी माळ्याच्या खालीच थांबले होते. पेटीत अब्बांची कुवेतहून आलेली पत्रे होती, पातळ एअरमेल कागदावर निळ्या शाईने उर्दूत लिहिलेली. त्यातले १९८४ सालचे एक पत्र अम्मींनी पुढे केले. ‘‘हे लावा. हात त्यांचाच आहे.’’

पत्र इंचाला ६०० ठिपके या हिशोबाने स्कॅन केले. चौपट मोठे केले तरी इंचाला १५० ठिपके उरतात आणि दोन-तीन पावलांवरून अक्षर स्वच्छ दिसते. कागद पातळ असल्याने मागच्या बाजूची शाई पुढे उमटत होती; मागे काळा कागद ठेवून स्कॅन केल्यावर ते बरेच कमी झाले. सोबत आणखी दोन चित्रे निवडली. एक गावच्या घराच्या पडवीचे, दुसरे गोवळकोटहून दिसणाऱ्या खाडीचे. खाडीचे चित्र पाहून अम्मी म्हणाल्या, ‘‘जिने घर बुडवलं, तिलाच भिंतीवर बसवताय?’’ पण काढायला काही सांगितले नाही.

कोकणात कागद थेट भिंतीला चिकटवणे म्हणजे बुरशीला बोलावणे. म्हणून आम्ही तिन्ही कागद सनबोर्डवर चिकटवून घेतले आणि मागे लाकडी पट्ट्या ठोकून भिंतीपासून बोटभर अंतर सोडले, म्हणजे हवा खेळती राहते. थेट ऊन पडेल अशी जागा टाळली. फोटो व्हॉट्सॲपवरून दुकानात पाठवायचा असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नाहीतर तो आपोआप लहान होतो आणि मोठ्या कागदावर धुरकट निघतो. आमचा पहिला कागद असाच वाया जाणार होता, दुकानदार मुलाने वेळीच सांगितले. छपाईचे ३६०, सनबोर्डचे ६०० आणि पट्ट्या-खिळ्यांचे १८०, असे सगळे मिळून ११४० रुपये झाले.

भिंत छान दिसू लागली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. पहिल्याच संध्याकाळी मुलगी पत्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘दादांनी काय लिहिलंय?’’

आम्ही शाळेत इतरांच्या मुलांना उर्दू शिकवतो. आमची मुलगी इंग्रजी शाळेत जाते आणि तिला आपल्या आजोबांचे पत्र वाचता येत नाही, हे त्या क्षणी भिंतीएवढे मोठे होऊन समोर उभे राहिले. कामातून वेळ मिळत नाही, सुट्टीत बघू, असे म्हणता म्हणता नऊ वर्षे गेली होती. दोष तिचा नव्हता.

त्याच रात्री आम्ही सुरुवात केली. वेगळे पुस्तक घेतले नाही. रोज पत्रातली एक ओळ. ‘सलाम’ तिने पहिल्याच दिवशी ओळखले. अब्बांचा ‘हे’ काढायचा ढब आणि नुक्ते द्यायची घाई तिला आता छापील अक्षरापेक्षा जास्त ओळखीची आहे. अम्मींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मूळ पत्र त्यांना कित्येक वर्षांत वाचता आले नव्हते. आता त्या खुर्ची ओढून समोर बसतात आणि नात अडली की पुढचा शब्द सांगतात.

मागच्या महिन्यात मुलगी सातव्या ओळीवर पोचली. एकेक अक्षर जोडत तिने वाचले : पावसाआधी घर शाकारून घ्या, आणि नदीचे पाणी वाढले तर कागदपत्रांची पेटी आधी माळ्यावर चढवा.

तिने वळून अम्मींकडे पाहिले. अम्मी म्हणाल्या, ‘‘तेव्हापासून ती पेटी मी माळ्यावरच ठेवते.’’

पत्राच्या अजून अकरा ओळी बाकी आहेत. इन्शाअल्लाह, रमजानपर्यंत होतील. पेटीत दुसरी पत्रेही आहेत.