ओली घडी

आमच्या विभागाच्या सामानाच्या खोलीत एक राहुटी आहे. जाड सुती कापडाची, चार माणसे कशीबशी निजतील एवढी. ती मुळात आमच्या सरांची. ओव्या आणि गाणी टिपून घेण्यासाठी ते मावळात आणि जुन्नरच्या बाजूला वर्षानुवर्षे हिंडले, तेव्हा गावाबाहेरच्या देवळाशेजारी ही राहुटी उभी राहत असे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती आम्हा दोघांच्या स्वाधीन केली आणि एकच सूचना दिली : ओली घडी घालू नका.

आम्ही ओली घडी घातली.

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोन रात्री बाहेर राहिलो होतो. निघायच्या दिवशी पहाटेपासून झड लागली होती आणि सकाळची एस.टी. चुकवून चालणार नव्हते. भिजलेली राहुटी तशीच गुंडाळली, बसमध्ये पाणी गळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली आणि विभागात आणून ठेवली. रविवारी पसरू असे ठरले. रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी उत्तरपत्रिका होत्या. गणपतीत सरांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "राहुटी बरी आहे ना रे?" "बरी आहे, सर," आम्ही म्हणालो. पिशवी तोवर उघडलीही नव्हती.

दिवाळीच्या सुटीत ती उघडली, तेव्हा आधी वास आला. मग दिसले ते काळे-हिरवे ठिपके. घडीच्या रेषांवर दाट, मधल्या भागात विरळ.

आपल्या भाषेला पावसाळ्याने पुष्कळ शब्द दिले आहेत. पापड सादळतो, काडेपेटी सादळते. हवा दमट असते, खोली कोंदट होते, कपड्यांना कुबट वास येतो, लोणच्याला बुरा येतो, आणि शेवटी लाकूड कुजते. शिकवताना हे शब्द आम्ही समानार्थी म्हणून एका ओळीत लिहीत आलो होतो. राहुटीपुढे उभे राहिल्यावर कळले की हे समानार्थी शब्द नाहीत, या पायऱ्या आहेत. सादळलेले ऊन दाखवले की परत येते. कुजलेले येत नाही. आमच्या हातातले कापड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होते, आणि नेमके कुठे हे आम्हाला कळत नव्हते.

वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना बोलावले. त्यांनी ठिपका असलेला भाग दोन्ही हातांनी ताणून पाहिला. फाटला नाही. "जिंकलात," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. त्यांना अडवणे आपल्या हाती नाही. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि ते बुरशीचे अन्न. उणीव असते ती फक्त पाण्याची. ते मिळाले की २४ ते ४८ तासांत वाढ सुरू होऊ शकते. बुरशी कापडावर बसत नाही. आपली विकरे धाग्यावर सोडून ती धागा विरघळवते आणि शोषून घेते. म्हणजे डाग दिसतो त्याच्या आधीपासून कापड खाल्ले जात असते.

त्यांनीच आणखी एक हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती सामान भराभर कुजू लागले. कुजलेल्या तंबूच्या कापडावरून जी बुरशी वेगळी काढली गेली, तिचा अभ्यास एल्विन रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९७७ मध्ये तिला त्यांच्याच नावावरून 'ट्रायकोडर्मा रीझी' हे नाव मिळाले. तंबू खाणारे तिचे तेच विकर आज कापडउद्योगात वापरतात आणि काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याच्या कामातही. ऐकून बरे वाटले. पण आमच्या राहुटीचा त्यात काही फायदा नव्हता.

साफसफाईला चार दिवस लागले. राहुटी आधी मोकळ्या मैदानात नेली, कारण खोलीत झटकली असती तर बीजाणू पुस्तकांवर गेले असते. नाकातोंडाला मास्क बांधून कोरड्या, मऊ ब्रशने वरची बुरशी झाडली. ओल्या फडक्याने आधीच पुसले असते तर ती धाग्यांत अधिक शिरली असती. मग एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी हे मिश्रण ठिपक्यांवर लावून तासभर ठेवले, सौम्य साबणाने धुतले, भरपूर पाण्याने खळबळले. ब्लीचिंग पावडरचा मोह झाला होता. सहकाऱ्यांनी तो मोडून काढला : डाग जाईल, पण धागाही कमजोर होईल. दोरीवर टाकून दोन्ही बाजूंना ऊन दाखवले. वास गेला. ठिपके फिकट झाले, पण गेले नाहीत. रंग धाग्यात उतरला होता. बुरशी मेली तरी तिचा डाग राहतो, आणि राहिलेला डाग म्हणजे जिवंत बुरशी नव्हे, हेही त्यांनीच सांगितले.

डाग गेला असता तर आम्ही सरांना काही सांगितले असते का? नसते, बहुधा. गणपतीतले ते 'बरी आहे' मग खरेच ठरले असते. डाग राहिल्यामुळे राहुटी घेऊन त्यांच्याकडे जावे लागले.

सरांना आता कमी दिसते. आम्ही घडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळे सांगितले : एस.टी., प्लॅस्टिकची पिशवी, उत्तरपत्रिका, फोनवरचे खोटे. त्यांनी मधे काही विचारले नाही. घडी उलगडून कापड त्यांनी हाताने चाचपले, मग शिवणीशी धरून गालाला लावले. बोटांना न कळणारी ओल गालाला गार लागते, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.

"शिवण ओली आहे अजून," सर म्हणाले. "तिथे कापड चार पदरी असतं. दोन दिवस आणखी ऊन दाखवा."

एवढेच. खोट्याविषयी ते बोलले नाहीत, आम्हीही पुन्हा बोललो नाही.

दोन दिवस ऊन दाखवले. आता राहुटी सुती खोळीत, भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळीवर ठेवली आहे. पावसाळ्यात उघडीप मिळाली की ती बाहेर काढून दोरीवर टाकतो. २०२५ च्या पावसाळ्यात असे तीनदा केले. एकदा तासभरच ऊन मिळाले. विद्यार्थी विचारतात, वापरायची नसताना काढता कशाला? आम्ही त्यांना शिवण गालाला लावून पाहायला सांगतो.