ताट

पुतणीचं लग्न ठरलं. नेरूळच्या विहारात, बौद्ध पद्धतीनं. माणसं दोनशे, जेवण उभ्यानं. हॉल परवडत नव्हता, केटरर तर नाहीच. प्रश्न उरला ताटांचा. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी. मी म्हटलं, पत्रावळ्या आणू. स्वस्त पडतील.

आबा भडकले. "पत्रावळ? पाटलाच्या लग्नात आपल्याला हीच. तीही पंगत उठल्यावर, उकिरड्याकडंला. ताटाला शिवू देत होते का रे?"

मी गप्प. १९२७ च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी उष्टं सोडायला सांगितलं. आबांच्या बापानं सोडलं, त्यापायी मार खाल्ला.

शेवटी वस्तीतल्या महिला मंडळाची स्टीलची ताटं मिळाली. भाडं नाही. हरवलं तर भरून द्यायचं.

"घासणार कोण?" वहिनीनं विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता. भाषणं आम्ही देतो, खरकटं बाया काढतात.

आबा म्हणाले, "ज्यानं खाल्लं त्यानं."

मित्रांनो, त्या दिवशी नळाला रांग होती. नवरदेवसुद्धा ताट घेऊन उभा. आबा सगळ्यांच्या पुढं.